वेळ वाढली

आधी नाव हिराजीकाकांचं, मग बाकीचं.

अच्छाडच्या सीमानाक्यावर ट्रकमालकाने मला गाडीवरून उतरवलं, तेव्हा माझ्याजवळ लायसन आणि एक चादर होती. परभणीपासून इतक्या लांब मी कधी आलो नव्हतो. समोरच्या ढाब्यावर डहाणूच्या एका कॉलेजची फुटबॉल टीम चहाला थांबली होती आणि त्यांचा ड्रायव्हर तापाने फणफणून मागच्या सीटवर आडवा झाला होता. टीमचं सामान सांभाळणारा एक वाळका म्हातारा माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“गाडी येते?”

“येते. पण शाळा सातवीतच संपली.”

म्हाताऱ्याने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला सुकटीचा वास होता.

“संपली नको बोलू. वाढली बोल.”

असे हिराजीकाका भेटले, आणि टीमची गाडी माझ्याकडे आली. बाया बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. घरातलं मीठ सरलं तरी वाढलं. हे आमच्याकडेही आहे. पण काकांनी ते अख्ख्या फुटबॉलला लावलं होतं. टायर पंक्चर झाला की हवा वाढली. लेस तुटली की लेस वाढली.

टीमला शिकवणारे सर एकदा चिडले, “हिराजी, हवा वाढली तर चांगलंच की!”

“सर, तुम्ही शिकलेले. तुम्हाला नाय समजायचं.”

त्या वर्षी लीगमध्ये आठ मॅचेस होत्या. सातांत आम्ही कशाबशा दोन जिंकलो. तळाच्या टीमला खालच्या गटात ढकलणार होते आणि खालच्या गटाला कॉलेज गाडी देत नाही. गाडी नाही म्हणजे ड्रायव्हर नाही. गुणांचा तक्ता मी असा पाठ केला, की शाळेत पाढेही तसे केले नव्हते. शेवटच्या मॅचला निदान बरोबरी हवी होती.

आमचं मैदान धाकटी डहाणूच्या खाडीला लागून. एका बाजूला नुसती तिवरं, खारफुटीची दाट झाडी. भरतीचं पाणी आवाज न करता कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत येतं. बॉल तिवरांत गेला की पोरं आत जात नसत. काका कडेला उभे राहून हलक्या आवाजात म्हणत, “दे रे, बाबू.” तेव्हा काहीच होत नसे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॉल गोलच्या जाळीत असायचा. ओला, बरोबर मधोमध.

सर म्हणत, भरतीने आणला. भरती तो उचलून जाळीत कशी ठेवते, ते सरांनी सांगितलं नाही.

शेवटची मॅच तलासरीकडच्या टीमशी होती. एका गोलने मागे होतो. दुसरा बॉल पहिल्या हाफमध्येच वाढला होता. (मलाही सवय लागली.) उजेड उतरत होता. त्यांच्या पोराने होता तो बॉल मुद्दाम तिवरांत मारला. आमचा कॅप्टन रडकुंडीला आला.

“काका, टाइम किती?”

काकांकडे घड्याळ नाही. त्यांनी झेंड्याकडे बघितलं. पाणी काठीला लागलं होतं.

“वेळ वाढली,” काका म्हणाले.

आमची पोरं शहरातली, घाईत काकांची भाषा विसरली. “टाइम वाढला रे! अजून आहे!” करत पळत सुटली. समोरचा गोलकीपर मात्र काकांच्याच वरोरचा, जुन्या माणसांत वाढलेला. त्याला बरोबर कळलं. तो हसला आणि हातमोजे काढायला लागला.

काका तिवरांकडे वळले. “दे रे, बाबू. आत्ता दे.”

तिवरांतून बॉल घरंगळत आला. सावकाश, कोणीतरी पायाने ढकलल्यासारखा. वारा नव्हता. आत कोणी नव्हतं, मी वाकून बघितलं. चिखलावर बॉलची एक रेघ होती, बस्स.

थ्रो, पास, किक. गोलकीपरचा एक हातमोजा दातांत होता. बॉल जाळीत गेल्यावर शिटी वाजली. एक-एक.

पोरं नाचत होती. काका जाळी सोडत होते. मी दुसरं टोक धरलं.

“काका, बाबू कोण?”

“माझा पोरगा. ह्याच टीमला खेळायचा. सुट्टीत बोटीवर गेला.” त्यांनी एक गाठ सोडवली. “नऊ दिवस शोधला. मग गावातली मोठी माणसं घरी आली. बोलली, हिराजी, शोध संपला. मी बोललो, संपला नका बोलू, वाढला बोला. त्यांना वाटलं म्हातारा रीत पाळतो. बोलली, बरं बाबा, वाढला.”

“मग?”

“मग काय? चारचौघांच्या तोंडून शोध वाढलाय ना, म्हणजे चालूच.” त्यांनी तिवरांकडे बघून हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

गाडी राहिली, मीही राहिलो. एक दिवस माझी स्वतःची गाडी होईल. तिची पहिली फेरी काकांची. वरोरपासून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने, पार गुजरातच्या बाजूला, प्रत्येक बंदरावर थांबत. विचारायचं ते काका विचारतील. मी इंजिन चालू ठेवून बसेन. रस्ता वाढला तरी चालेल.