जप्तीसाठी पिशव्या पाहिजेत

माणसानं अग्नी शोधला, चाक शोधलं, आणि त्यानंतरची नोंद घेण्यासारखी घटना म्हणजे आमच्या गावानं प्लास्टिकची पिशवी कायमची संपवली. हे वाक्य माझं आहे. आठवडे बाजाराच्या ओट्यावर उभं राहून मी ते माइकवर म्हटलं, तेव्हा टाळ्या पडल्या. मग माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा एका पिशवीत घालून माझ्या हातात देण्यात आला. माइक चालूच होता, त्यामुळे त्या पिशवीची चुरचुर सगळ्या बाजारानं ऐकली. आमच्या गावातली पहिली जप्ती ती. पेढे आधी काढून घेतले.

आमचं गाव ओझर आणि येडगावच्या मधे कुठंतरी आहे. प्लास्टिक निर्मूलन समितीचा मी अध्यक्ष. या पदासाठी लागणारी पात्रता माझ्याकडं होती, म्हणजे मी निवृत्त होतो. निवृत्त माणूस आणि खताची रिकामी गोणी, दोन्ही गावात कोणीही कशालाही वापरतं. शिवाय अध्यक्ष नसतो तेव्हा आमच्या सौभाग्यवती प्रयागबाई मला लसूण सोलायला बसवतात. त्यामुळे मी कामाला जोरात लागलो. पहिल्याच बैठकीत मी एक कडक नियम स्वतःच्या अक्षरात लिहून मंजूर करून घेतला : ज्या विक्रेत्याकडे शंभरपेक्षा जास्त पिशव्या सापडतील, त्याची बाजारातली जागा कायमची रद्द.

पहिल्या शनिवारी साडेचार किलो पिशव्या जप्त झाल्या. दुसऱ्या शनिवारी दोन किलो. तिसऱ्या शनिवारी युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी प्लास्टिक धरायची का, यावर समिती तीन तास बसली. ‘जी पिशवी बारा वर्षांत फाटली नाही ती कुटुंबातली व्यक्ती समजावी’ असा ठराव झाला. चौथ्या शनिवारी एकही पिशवी सापडली नाही. लोकांनी खरोखरच पिशव्या सोडल्या होत्या. असं काही होईल याची समितीतल्या कोणालाच कल्पना नव्हती.

ग्रामसेवक भरतराव यांनी दर आठवड्याचा तक्ता वर पाठवला. ‘जप्त माल, किलोमध्ये’ या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं : ‘कारवाई शून्य आढळते. सबब समिती निष्क्रिय असल्याचे दिसून येते. पुढील शनिवारी पथक समक्ष पाहणी करील. जप्ती न आढळल्यास समिती बरखास्त करण्यात येईल. आढळल्यास आदर्श बाजार पुरस्काराचा विचार होईल.’

“भरतराव, पिशव्या नाहीत म्हणून तर जप्ती नाही.”

“ते खरं हाये, अध्यक्ष. पण पिशव्या न्हाईत, असा रकानाच न्हाई तक्त्यात.”

मला डोळ्यांसमोर लसूण दिसू लागला.

जप्तीसाठी पिशव्या पाहिजेत, तेव्हा आम्ही कांतीलाल शेठच्या दुकानात गेलो. शेठनी महिन्यापूर्वीच पिशव्या बंद केल्या होत्या, माझ्याच भाषणाला घाबरून.

“अध्यक्ष, तुम्हीच बंद करायला लावल्या ना?” शेठ म्हणाले.

“समितीच्या कामाला पाहिजेत.”

“किती मायक्रॉनच्या?”

“बेकायदेशीर असतील अशा.”

शेठनी चष्मा वर सरकवला. “त्यात पण दोन प्रकार येतात. बेकायदेशीर आणि फुंकर मारली की उडणाऱ्या.”

“फोटोत कुठल्या चांगल्या दिसतात?”

दोन दिवसांनी शेठनी कुठून तरी माल आणवला. बंदी असल्यामुळे तो त्यांनी कापडी पिशवीत घालून दिला, आणि कापडी पिशवी आठवणीनं परत करा म्हणाले.

माल झाला, आता आरोपी पाहिजे होता. शेठ म्हणाले, गिऱ्हाईक बघतं. कांदेवाला म्हणाला, पोरीला स्थळ बघतोय. भरतरावांच्या मेव्हण्यानं तर फोनच बंद केला. शेवटी आम्ही सारजाबाईंकडं गेलो.

सारजाबाई येडगाव धरणाच्या कडेच्या वाडीवरून मेथी-कोथिंबीर घेऊन येतात. वय सत्तरीच्या आतबाहेर. बाजाराच्या ओट्यावरचा पत्रा जागोजाग गळतो. फक्त उत्तरेचा कोपरा कोरडा राहतो, आणि तिथं त्या चाळीस वर्षं बसतात. भिजलेली मेथी संध्याकाळपर्यंत काळी पडते आणि काळी मेथी कोणी घेत नाही, म्हणून पावसाळ्यात तो कोपरा हेच त्यांचं दुकान. त्यांनी जन्मात प्लास्टिकची पिशवी वापरलेली नाही. जुडीला केळीचं सोपट बांधतात आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकतात.

“मावशी, पन्नास पिशव्या तुमच्याकडं ठेवायच्यात,” मी म्हणालो.

“मला कशाला? माज्या मेथीला सोपाट बास हाये.”

“वापरायच्या नाहीत. नुसत्या सापडायच्या.”

“सापडायच्या म्हंजी मी चोरी केली आसं व्हतं का?”

“तुम्ही काही करायचं नाही. करायचं ते सगळं आम्ही करतो. तुम्ही फक्त बसून राहा.”

भरतराव खालच्या आवाजात म्हणाले, “मावशे, वट्यावरच्या जागा समितीच वाटती. समितीच गेली तर तुजा कोपरा कुणाला जाईल, सांगता यायचं न्हाई.”

सारजाबाईंनी पत्र्याकडं पाहिलं. “कोपरा ऱ्हाईल ना पर, भाऊ? दुसरीकडं बसाय आता जमत न्हाई.”

“कोपरा तुमचाच. माझा शब्द,” मी म्हणालो. मला माझा आवाज आवडला.

“बरं. ठेवा मंग.”

ठरल्याप्रमाणे पन्नास पिशव्या ठेवायच्या होत्या. पन्नासला जागा रद्द होत नाही, हे भरतरावांनी नियम वाचून पक्कं केलं होतं. पण शनिवारी सकाळी मी त्या पन्नास पिशव्या ओट्यावर मांडून बघितल्या. पन्नास पिशव्या म्हणजे चिमूटभर ऐवज. एवढी माझी दीड महिन्याची कारकीर्द, आणि फोटोत ती मुठीत मावावी, हे मनाला पटेना. भरतराव पथकाला आणायला नाक्यावर गेले होते. मी कापडी पिशवी उलटी केली आणि सारजाबाईंच्या शेजारी सगळा माल ओतला.

पिशव्या दिसल्याबरोबर बाजारात चैतन्य आलं. दीड महिना कापडी पिशव्या धुऊन-वाळवून दमलेले लोक सारजाबाईंभोवती गोळा झाले.

“मावशे, एक दे की. मासळी न्यायचीय.”

“न्हाई. ह्या वापरायच्या न्हाईत, सापडायच्या हायेत.”

“कुणाला सापडायच्या?”

“ते सायब लोक येनार हायेत. तू हो बाजूला, मेथी दिसत न्हाई तुज्यामुळं.”

साडेअकराला पथक आलं. पथकप्रमुख स्नेहल मॅडम फार कर्तव्यदक्ष. त्यांनी स्वतः पिशव्या मोजल्या. मोजायला पाऊण तास लागला, आणि प्रत्येक शंभरानंतर त्या माझ्याकडं आदरानं पाहत होत्या. सहाशे चाळीस. एवढी मोठी कारवाई एवढ्या लहान गावात मी कुठंही पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली, फोटोत विनम्र दिसावं म्हणून.

“आणि तुमचा तो शंभरचा नियम, फार धाडसी आहे,” मॅडम म्हणाल्या. “लगेच अंमल करू या. माझ्यासमोर.”

भरतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी सारजाबाईंकडं पाहिलं. त्या बसून होत्या, ठरल्याप्रमाणे.

या क्षणी मी काय करायला पाहिजे होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पिशव्या माझ्या आहेत, एवढंच वाक्य. त्या दिवशी मी एकूण सव्वा तास बोललो, पण त्यात ते वाक्य आलं नाही.

सारजाबाईंनी आपली पाटी उचलली. भांडल्या नाहीत. मला फक्त म्हणाल्या, “भाऊ, पन्नास म्हणाला व्हता.”

पंचनामा झाला. जप्त माल अंतिम आदेश येईपर्यंत कोरड्या आणि सुरक्षित जागी ठेवावा, असं त्यात एक कलम असतं. बाजारात कोरडी जागा एकच होती, आणि ती नुकतीच मोकळी झाली होती. माल ओलसर हवेनं खराब होऊ नये म्हणून तो जाड प्लास्टिकच्या गोण्यांत भरून, वरून सील करून उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवला. पुरस्कार मिळाला. पाटी लागली. समिती आता कायमस्वरूपी आहे. लसूण प्रयागबाई स्वतः सोलतात, आणि तो सोलताना माझ्याशी बोलत नाहीत.

सारजाबाईंना कोपरा परत मिळावा म्हणून मी अर्ज केला आहे. जागावाटपाचे अर्ज अध्यक्षांकडं येतात. अध्यक्षांनी तो ‘नियमात बसत नाही’ म्हणून प्रलंबित ठेवला आहे. नियम बदलायला काही हरकत नाही, पण तो बदलला तर का लिहिला होता, हे सांगावं लागेल.

परवाच्या शनिवारी पावसाची रिपरिप होती. सारजाबाई रस्त्याच्या कडेला, टोमॅटोच्या पिकअप गाड्या जातात तिथं बसल्या होत्या. पदर मेथीवर पांघरला होता आणि डोकं उघडं होतं. मी छत्री घेऊन पलीकडून जात होतो. त्यांनी हाक मारली.

“अध्यक्ष, त्या आमच्या कोपऱ्यातल्या पिशव्यांतली एक द्या की. डोक्यावर घ्यायला.”

“मावशी, त्याला सील आहे. आकडा पंचनाम्यात गेलाय.”

“मंग घरून आना एखांदी.”

समितीच्या अध्यक्षाच्या घरी प्लास्टिकची पिशवी नसते. निदान तसं मी पाटीखाली लिहून दिलं आहे.

तेव्हा तुम्हाला एक विनंती. तुमच्या स्वयंपाकघरात दाराआड खिळ्याला एक फुगलेली पिशवी टांगलेली आहे, जिच्यात बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या आहेत. नाही म्हणू नका. तिच्यातली एक द्या. काळी असली तर बरं, छत्रीच्या घडीत लपेल. मला ती भर बाजारातून न्यायची आहे.