कासारदरीच्या लूथरन शाळेचे कामाचे दिवस

फसली १३३६ साली, म्हणजे १९२६-२७च्या सुमारास, निजामाच्या राज्यातल्या कासारदरीच्या लूथरन शाळेत पुढील गोष्टी होत्या: अठरा फूट बाय बारा फुटांची एक खोली, एकतीस मुले, एकोणीस पाट्या (त्यांतल्या सात फुटक्या), एक घंटा आणि पवित्र भूमीचा एक नकाशा. गोदावरी कुठून निघते हे एकाही मुलाला ठाऊक नव्हते. यार्देन नदी कुठे जाऊन मिळते हे सगळ्यांना पाठ होते. याच शाळेचे पुढे कॉलेज झाले, त्यामुळे हा तपशील नोंदवून ठेवणे भाग आहे.

शमुवेल मास्तरांना मोजायची खोड होती. आषाढात, शाळेचे नवे वर्ष सुरू व्हायच्या आधी, त्यांनी वर्ष मोजायला घेतले. एकूण दिवस तीनशे पासष्ट. रविवार मिशनचा, बावन्न गेले. शुक्रवार सरकारचा, आणखी बावन्न. मंगळवारी गावचा बाजार. त्या दिवशी मुले आईबापांबरोबर टोपल्या वाहत, म्हणून तेही बावन्न. दसरा, ईद, नाताळ वगैरे मिळून अडतीस. उरले एकशे एकाहत्तर. चौथीच्या परीक्षेला बसायचे तर शाळेत एकशे ऐंशी दिवस हजेरी हवी, असा तालीम खात्याचा, म्हणजे सरकारी शिक्षणखात्याचा, नियम होता. नऊ दिवस कमी पडत होते.

परीक्षेला चौघे बसणार होते. त्यांतल्या केशरची नड सगळ्यांत मोठी होती. तिची आई छबुबाई पाटलाच्या रानात कापूस वेचायची. तिने मास्तरांना निक्षून सांगितले होते, "औंदा पास झाली तर शिकू द्या. न्हाई तर वैशाखात लगीन उजवून मोकळी व्हते मी." केशर बारा वर्षांची होती आणि अपूर्णांकांचे भागाकार तोंडी करायची.

मास्तर नऊ दिवस मागायला निघाले. पाद्रीसाहेबांनी सहानुभूतीने ऐकून घेतले. रविवार प्रभूचा आहे, तो द्यायचा अधिकार आपल्याला नाही, तेव्हा सरकारकडून शुक्रवार मागून पाहा, असे ते म्हणाले. बीडला खात्याच्या कचेरीत त्रिंबकराव पेशकारांनी, म्हणजे तिथल्या कारकुनांनी, शुक्रवारबद्दल हेच सांगून रविवारकडे बोट दाखवले. मास्तर खिन्न झालेले पाहून त्यांनी आपुलकीने सल्लाही दिला. "सुट्टी काढून टाकायची तर हैदराबादेहून मंजुरी लागंल, मास्तर. नवी घालायची आसंल तर शिक्का हितंच हाय."

उरला बाजार. तो मंगळवारऐवजी शुक्रवारी भरवावा एवढेच सांगायला मास्तरांनी चावडीवर बैठक बोलावली. मागणी नीट पटावी म्हणून त्यांनी आधी सगळा हिशेब वाचून दाखवला: कोणाचा कोणता वार, आणि किती. चूक झाली ती इथे.

धोंडीराम पाटलांनी पानाला चुना लावत विचारले, "पादऱ्याला येक वार, सरकारला येक वार. मग आमच्या मारुतीनं कुणाचं घोडं मारलंय?"

शनिवार गेला. वाणीगल्लीतून महादेवासाठी सोमवार मागण्यात आला. दर्ग्याचा मुजावर फार अदबीने म्हणाला, की त्याला स्वतःला काही नको, पण जुमेरातला लोबान असतो, तेव्हा गुरुवार राहिला तर लोकांना बरे वाटेल. बाजार मंगळवारीच राहिला. मग सगळे बुधवारकडे पाहू लागले. बुधवारचा वाली बैठकीत कोणी नव्हता.

"येकटा बुधवार घिऊन शाळा काय करनार?" पाटील म्हणाले. "बाजारानं पोरं दमत्यात. ऱ्हाऊ द्या त्योबी."

मास्तर काटेकोर माणूस. त्यांनी बैठकीचा वृत्तांत जसाच्या तसा लिहून, हरकत घ्यावी या आशेने, कचेरीत पाठवला. चौथ्या दिवशी तो मंजूर होऊन परत आला. शिक्के सात होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्यामुळे मुले शाळेत आली नाहीत. मास्तर ओढ्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन बसले, तर केशर पाटी घेऊन हजर. आठवड्याभरात एकतीसच्या एकतीस मुले तिथे जमू लागली. सुट्टीत मुले कुठे जातात याची चौकशी कोणाच्याच कामात मोडत नव्हती. त्या वर्षी चिंचेखाली दोनशे बारा दिवस शिकवणे झाले.

परीक्षेआधी मास्तर हजेरीचे विचारायला पेशकारांपुढे उभे राहिले. पेशकारांनी नियमाचे पोटकलम काढले. सुट्ट्या मंजूर असल्यामुळे जिथे एकशे ऐंशी दिवस भरत नाहीत, तिथे कामाच्या सर्व दिवशी हजर असलेला विद्यार्थी पात्र समजावा. बाजाराचा मंगळवार आजवर नुसत्या वहिवाटीचा होता, म्हणून सवलत मिळत नव्हती. आता सातही वार शिक्क्याचे. कामाचे दिवस शून्य. केशर त्यांतल्या एकाही दिवशी गैरहजर नव्हती.

चौघे बसले, चौघे पास झाले. केशर जिल्ह्यात तिसरी आली.

मग तालीम खात्याचे जिल्ह्यातले मुख्य अधिकारी, खुद्द मोहतमीमसाहेब, पेशकारांना घेऊन कासारदरीला आले. एकही दिवस न भरता शेकडा शंभर निकाल लावणारी शाळा त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी खोली पाहिली, ती स्वच्छ होती. पाट्या पाहिल्या, नवी एकही फुटली नव्हती. मास्तरांना राहवेना. ते म्हणाले, "साहेब, खरं सांगायचं तर मुलं शिकली ती..."

पेशकारांनी खाकरून त्यांच्यापुढे एक छापील कागद सरकवला. मंजूर सुट्टीच्या दिवशी आपण कोठेही शिकवले नाही, असा तो जबाब होता. "सही करा," पेशकार हळूच म्हणाले. "सुट्टी मोडून शिकवल्याचं निघालं तर चारी निकाल रद्द व्हतेत."

दाराशी छबुबाई उभी होती. पोरीला बीडच्या शाळेत घालायचे म्हणून तिने नवे लुगडे नेसले होते. मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

तो जबाब जोडून कासारदरीचे वेळापत्रक नमुना म्हणून तालुक्यातल्या आणखी अकरा शाळांना लागू करण्यात आले. पुढच्या वर्षीचा अहवाल उपलब्ध आहे. बारा शाळांची हजेरी: शेकडा शंभर. परीक्षेला बसलेली मुले: दोनशे चौदा. पास: पाच, पाचही कासारदरीची. पालकांकडून आलेल्या तक्रारी: एकही नाही.