शोकसभेनंतरचा द्रोण

एका जंगलात, बाळांनो, एक भलामोठा रस्ता होता. जंगल वाढलं तसा तोही रुंद झाला, आणि मोठ्या जनावरांना त्यावरून सुसाट पळायची खोड लागली.

रस्त्याच्या कडेला आप्पा अस्वल मोहाची दारू गाळायचा. ती पिऊन पळण्यात खरी मजा आहे, असं रंभाजी गवा सगळ्यांना सांगायचा.

एकदा कंद आणायला निघालेला केरोबा साळिंदर रंभाजीच्या खुरांखाली आला आणि जागीच गेला. रंभाजी फार रडला. म्हणाला, मला दोन केरोबा दिसत होते, मी बिचारा दोघांच्या मधून गेलो.

या जंगलात एक रीत होती. कोणी गेलं की आप्पाकडे शोकसभा भरायची. भाषणं झाली की दुःख विसरायला प्रत्येकाला द्रोण भरून दारू मिळायची. मग सगळे घरी पळायचे. वाटेत कोणीतरी चिरडलं जायचं आणि पुन्हा सभा भरायची. त्यामुळे सगळ्यांच्या वरचेवर भेटी होत आणि जंगलात एकोपा फार होता.

केरोबाच्या सभेत त्याची बायको यमुनाकाकू उभी राहिली. तिची लग्नाला आलेली लेक रोज त्याच रस्त्याने पाण्यावर जायची. नवरा तर गेलाच, आता निदान लेक तरी वाचावी, एवढंच तिला हवं होतं. मला तिची फार कीव येते. पण तिने सभेचा रंग बिघडवला हेही खरं.

"प्यायचं तर प्या," काकू म्हणाली. "पण मग इथेच झोपा. उतरली की घरी जा."

सभा गहिवरली. रंभाजीने स्वतः तसा ठराव मांडला आणि तो एकमताने पास झाला. इतका चांगला ठराव जंगलात कधी झाला नव्हता, म्हणून आनंदाने सगळ्यांनी एकेक द्रोण जास्त घेतला. मग ही बातमी घरी आधी कोण पोचवतो, याची शर्यत लागली.

द्रोणाला न शिवलेली यमुनाकाकू रस्त्याच्या अगदी कडेने चालली होती.

तिची शोकसभा दणक्यात झाली. काकूंचा ठराव आम्ही प्राणपणाने पाळू, असं रंभाजीने हुंदके देत सांगितलं. मग त्याने द्रोण रिकामा केला आणि काकूच्या लेकीसमोर झोकांड्या खात उभा राहिला.

"एकटी कशी जाशील पोरी? बस पाठीवर, सोडतो तुला."

"नको," ती म्हणाली. "मी पायीच जाईन."

सगळ्यांनी हळहळत माना हलवल्या.

"आईच्या वळणावर गेलीय," आप्पा पुढचे द्रोण भरत म्हणाला. "हिचंही काही खरं नाही."

तात्पर्य : त्या रस्त्यावर मेलेले सगळे शुद्धीत होते, पिणारे सगळे ठणठणीत आहेत. म्हणून बाळांनो, शुद्धीत असताना घराबाहेर पडू नये.