म्हशीशी थाई बोलणारे गेनूनाना

निरगुडसरमध्ये म्हशीची धार काढताना कुणी अभंग म्हणतं, कुणी भावकीच्या नावानं पुटपुटतं. आमचे शेजारी गेनूनाना थाई भाषेत आकडे म्हणत. "नुंग, सोंग, साम, सी, हा..." वीसपर्यंत जायचे आणि पुन्हा एकपासून सुरू. चरवी भरेपर्यंत हे चाले. महिन्याभरात म्हशीला त्याची इतकी सवय झाली, की शनिवारी नाना पुण्याला गेले की ती पान्हाच सोडेना. नानींनी पेंड पुढं केली, पाठ थोपटली, मग तिच्या नावानं बोटं मोडली. शेवटी हार मानून त्यांनीही वीसपर्यंत आकडे पाठ केले. "ह्या वयात म्हशीपायी शाळा शिकाया लागली मला," असं त्या येईल त्याला सांगत.

गावात मोबाइल नुकते आले होते आणि रेंजसाठी लोक पाण्याच्या टाकीवर चढत होते, तेव्हाची ही गोष्ट. नानांचा एकुलता एक दीपक बँकॉकच्या एका हॉटेलात एसीचा मेकॅनिक होता. दिवाळीत त्याचा फोन आला. तिथलीच मुलगी केलीय, नाव नोय, चाकणच्या कंपनीत काम मिळालंय आणि होळीनंतर दोघंही गावी राहायला येतोय, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. आता नाना भडकणार म्हणून मी टाकीच्या शिडीला घट्ट धरून उभा होतो. नानांनी एवढंच विचारलं, "तिला मराठी येती?"

"नाय."

"हिंदी?"

"नाय, नाना. शिकंल हळूहळू."

"आन् तवर काय मुकी बसंल?" नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि तरातरा खाली उतरले.

मी शाळामास्तर, त्यामुळे गावातले अर्ज माझ्याच गळ्यात. पुण्यात एका विद्यापीठात शनिवार-रविवार संध्याकाळी थाई भाषेचा वर्ग चालतो, हे मीच शोधून काढलं. शिक्षणाच्या रकान्यात सातवी पास आणि 'शिकण्याचा उद्देश' या रकान्यात नानांच्या सांगण्यावरून 'घरगुती' असं लिहिलं.

वर्गात सगळी टुरिस्ट कंपन्यांतली पोरं. पहिल्या बाकावर पांढरी टोपी घालून नाना. शनिवारी रात्री ते कात्रजला भाचीकडं राहत. शिकवणाऱ्या बाई थायलंडच्याच. तिकडं शिक्षकाला आचान म्हणतात म्हणून नाना त्यांना आचानबाई म्हणत. पहिल्या दिवशी बाईंनी नमस्कार कसा करायचा ते सांगायला घेतलं, तर नाना उभे राहिले. "बाई, नमस्काराचं मागनं बघू. आदी 'जेवलीस का' कसं म्हनायचं त्ये सांगा." शेजारच्या पोरानं ते इंग्रजीत सांगितल्यावर बाई खो खो हसल्या. त्यांच्याकडंही माणूस भेटला की आधी हेच विचारतात म्हणे. 'किन खाव रु यांग?' नाना ते वाक्य घेऊन परत आले ते खुशीतच. "गुरुजी, काळजी मिटली. मानसं आपल्यातलीच हायेत."

काळजी मिटली होती हे मात्र खरं नव्हतं. होळीपर्यंत नानांनी दोन वह्या भरल्या. एस.टी.त पाठांतर, मळ्यात पाठांतर. नानींनी सुनेचं नाव बदलून नयना ठेवायचं काढलं, तर म्हणाले, "तिच्या आईबापानं ठिवलंय की नाव. ऱ्हाऊ द्या."

आणि सून आली. लहानखुरी, हसरी, चार महिन्यांची गरोदर. नानींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आम्ही सगळे नानांकडं बघत होतो, की आता हे थाई सोडणार. नाना खाकरले, टोपी सारखी केली आणि गोठ्यात निघून गेले.

मी मागोमाग गेलो. "अहो नाना, बोला की!"

"गुरुजी, येडं का खुळं तुमी? सासऱ्यानं सुनंशी तोंडावर बोलायचं? आमच्या घरात कदी झालं न्हाई."

मी कपाळावर हात मारला. ज्या सुनेसाठी माणूस पाच महिने पुण्याच्या वाऱ्या करत होता, तिच्याशी बोलायचंच नाही हे त्याच्या मनात आधीपासून पक्कं होतं! मग शिकलात कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "तिला काय हवं-नको त्ये मला कळाया नगं?"

पण तिला सांगायचं कसं, हा प्रश्न नानांनी म्हशीकडून सोडवला. सकाळी सून अंगणात दिसली, की नाना गोठ्यात म्हशीसमोर उभे राहून खणखणीत थाईत म्हणत, "पाणी तापलंय, आंघोळ करून घे." म्हैस रवंथ करत राही आणि नोय बादली घेऊन न्हाणीत जाई. दुपारी म्हशीला विचारलं जाई, तिखट जास्त झालं का? पोरगी हुशार. आठ दिवसांत तीही म्हशीकडं तोंड करून उत्तरं द्यायला लागली. आमच्या आळीत परदेशी भाषा जाणणारी पहिली म्हैस ती.

नानांचा वर्ग मात्र थांबला नाही. "आता आनखी काय राहिलंय?" मी विचारलं. "हाये थोडं," एवढंच म्हणाले.

श्रावणात, एका दुपारी नोयला कळा सुरू झाल्या. दीपक चाकणला कामावर. मी जीप मिळवली आणि आम्ही तिला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांचा चेहरा उतरलेला. "मुलगी फार घाबरलीय. हात लावू देत नाही, जोर लाव म्हटलं तर कळत नाही. बाळाचे ठोके कमी होतायत. थोडा वेळ बघते, नाहीतर पुण्याला हलवावं लागेल."

पुणं म्हणजे दोन तास. आतून नोयचा आवाज येत होता, कुणाला तरी हाका मारणारा. नानींनी नवऱ्याच्या दंडाला धरून हिसका दिला. "आवं, जावा की! तुमच्याबिगर हाय कोन तिला?"

नाना आत गेले, मी दारातच थांबलो. पडद्याच्या अलीकडं, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो दोन्ही हातांत धरला. मग निरगुडसरी सुरात थाई सुरू झालं. "नोय, मै तोंग क्लुआ. हाय जाय. हाय जाय." डॉक्टरीणबाई पडद्यापलीकडून मराठीत सांगत, नाना ते थाईत पोचवत. घाबरू नको. श्वास घे. थांब. आता जोर लाव. मधेमधे ते एक वाक्य स्वतःच्या मनानं म्हणत, "फो यू नी." किती वेळा म्हणाले ते मोजलं नाही. आतलं ओरडणं हळूहळू ऐकणाऱ्या माणसाचं झालं.

अर्ध्या तासानं बाळ रडलं. मुलगी. दोघी सुखरूप. नानींनी बसल्या जागी हात जोडले, मला हसू आणि रडू एकदमच आलं. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या पोरांच्या वेळीही वाटलं नव्हतं.

नाना बाहेर बाकावर येऊन बसले. सदरा घामानं भिजलेला. कागद मी हातात घेतला. आचानबाईंकडून बाळंतपणातली सगळी वाक्यं मागून आणली होती, एकेक, देवनागरीत लिहून. "आणि ते 'फो यू नी' काय हो? ते यात नाही."

"बाप हितंच हाय," नाना म्हणाले.

मग समोरच्या भिंतीकडं बघत बोलले. "जवानीत बोअरच्या गाडीवर व्हतो, गुरुजी. तमिळ मुलखात. टायफाइड झाला आन् गाडी मला दवाखान्यात टाकून फुडं गेली. पंधरा दिस. समदी मानसं चांगली व्हती, औषद द्यायची, पेज द्यायची. पन माझ्याशी कुनी बोललं न्हाई. कुनीतरी आपल्या बोलीत 'मी हाय हितं' एवढं म्हनावं, लई वाटायचं. कुनी म्हनलं न्हाई." त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट नानींनाही कळली नव्हती. त्या आपल्या जागेवरून उठल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

तेवढ्यात सिस्टर दारात आली. "ती काहीतरी सांगतेय हो. आम्हाला कळेना."

नानांनी डोळे पुसले आणि आत गेले. मी दारातून पाहिलं. पडदा बाजूला होता. नानांनी स्टूल ओढलं, खाटेजवळ बसले आणि तिच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "बोल, पोरी." हे मराठीत. मग चूक लक्षात येऊन थाईत.