मी मागनं बसते

भर दुपारी, मुलुंडच्या पुलाखाली, ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून एका बाईने मला लिंबाच्या फोडीवरून झापलं.

"सुहास, लिंबू उजवीकडे? तुझ्या आयशीने हेच शिकवलं तुला?"

पंगतीत बसलेली माणसं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, पण लिंबू डावीकडे वाढतात हे त्यांनाही आता पाठ झालंय. मी विमा कंपनीत अधिकारी आहे. माझ्या हाताखालची माणसं मला घाबरतात असा माझा समज आहे. तरी मी निमूटपणे वाकलो आणि ती फोड उचलून मिठाच्या डाव्या अंगाला ठेवली. कुंदाताईंपुढे दुसरं काही करता येत नाही.

कुंदाताई परब आमच्या शेजारच्या. आमच्या आणि त्यांच्या दारात मिळून एकच पायपुसणं आहे, आणि ते त्यांचं आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, बोलायला लागल्या की चढलेली लिफ्ट खाली येऊन परत जाते. रागावल्या की मूळची मालवणी बाहेर येते, आणि त्या बहुतेक वेळ रागावलेल्याच असतात.

या पुलाखालच्या प्रकरणाला आमचा गणपती कारणीभूत. एका वर्षी सोसायटीच्या महाप्रसादाची पुरीभाजी उरली. कमिटीने ठरवलं, पाकिटं करून पुलाखालच्या लोकांना वाटू या. आम्ही गेलो. चेंगराचेंगरी झाली, आमच्या सेक्रेटरींनी पाकीट देतानाचे फोटो काढून घेतले, आणि पुण्य पदरात पाडून सगळे परत निघाले. कुंदाताई मात्र तिथेच उभ्या राहिल्या.

"हे काय जेवण झालं? माणसाच्या अंगावर पाकीट फेकून यायचं? शिरा पडली तुमच्या तोंडार! माणसाक पंगत वाढतत."

आम्हाला वाटलं, म्हातारीचा राग आहे, उतरेल. तो उतरला नाही. पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात कुंदाताई, मागे आमटीचा टोप, भाताचा टोप, स्टीलच्या ताटांची चळत आणि बसायच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या. "गाडीची डिकी उघड," म्हणाल्या. तेव्हापासून माझा एकही रविवार माझा राहिलेला नाही. क्रिकेटची मॅच मी हायलाइट्समध्ये बघतो. माझ्या गाडीला कायमचा आमसुलाचा वास लागलाय. एकदा आमचे झोनल मॅनेजर गाडीत बसले आणि बसल्याबसल्या म्हणाले, "भूक लागली हो एकदम."

बरं, नुसतं वाढून यावं तर तेही नाही. कायदे फार. पट्ट्या सरळ हव्यात. सगळी ताटं वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही, आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. एकदा एका कंपनीचा तरुण मुलगा मदतीला आला होता, टी-शर्टवर कंपनीचं नाव, हातात फोन. कुंदाताईंनी त्याच्या हातात आमटीची बादली आणि ओगराळं दिलं. "याला दोन्ही हात लागतात, बाळा. फोन खिशात ठेव." तो वाढत राहिला आणि पुन्हा कधी आला नाही.

सगळ्यात कडक कायदा आग्रहाचा. मी पहिल्या दिवशी भाताची परात घेऊन निघालो. एका माणसाने "बस, नको" म्हटलं, मी पुढे सरकलो. मागून ओरडा आला.

"सुहास! मागे फिर. पहिलं 'नको' धरायचं नाय!"

"अहो, तो नको म्हणाला."

"लाजेचं असतं ते. माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. परत विचारायचं. ताटावर आडवा हात धरला तरच खरं."

हा धडा मी पंगतीतल्या सगळ्यांच्या देखत, दर रविवारी, घेत आलोय. आता पलीकडच्या रस्त्यावरचा चहावाला पण मला बघितलं की ओरडतो, "साहेब, पैला नको धरू नका हां!"

आता दुसऱ्यांना इतका आग्रह करणारी ही बाई स्वतः कधी जेवते, हे आमच्या मजल्यावरचं जुनं कोडं आहे. माझ्या बायकोने, वर्षाने, त्यांना किती वेळा जेवायला बोलावलं. येतात. आल्या आल्या पदर खोचून आमच्या स्वयंपाकघरात शिरतात, वर्षाच्या हातातलं लाटणं काढून घेतात आणि पोळ्या लाटायला लागतात. "तुम्ही बसा गं, मी मागनं बसते." आमचं जेवण होतं. मग ओटा पुसतात, हात पुसतात आणि म्हणतात, "चल, उशीर झाला. घरी सकाळचं आहे माझं." आणि चालू पडतात. वर्षा चिडते. आमच्या मुलीच्या साखरपुड्यातही त्यांनी हेच केलं, आणि तिथे तर केटरर होता!

एका रविवारी डिकीत राहिलेला रिकामा टोप द्यायला मी त्यांच्याकडे परत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. कुंदाताई ओट्यापाशी उभ्या होत्या. हातात भाकरीचा चतकोर, त्यावरच थोडी चटणी, आणि गॅसवरच्या पातेल्यात बुडवून खाणं चाललेलं. मला बघून भाकरी चटकन पाठीमागे लपवली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता.

"एकटीसाठी कशाला ताट घाण करायचं?" एवढंच म्हणाल्या. मग माझ्यावरच डाफरल्या, "बेल वाजवायची पद्धत नाय काय तुमच्यात?"

मी घरी येऊन वर्षाला सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या घरी दोन भाऊ. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ह्याच मिळवत्या. भावांना वाढवलं, त्यांच्या बायकांची बाळंतपणं केली, पोरांना जेवू घातलं. एक भाऊ वसईला गेला, एक बदलापूरला. आता गणपतीत फोन येतो. मला वाईट वाटलं, पण रविवारी मी पट्टी वाकडी घातली म्हणून त्यांनी पुन्हा झापलं, तेव्हा ते ओसरलं.

आणि मग पुलाखाली सखूबाई आल्या.

जालन्याकडच्या. उंच, सुकलेल्या, जवळ एक बोचकं. मुलाकडे आल्या होत्या, तो मुलगा पुढे कुठे गेला ते त्या सांगत नसत. पंगत बसली की त्या खांबाला टेकून उभ्या राहायच्या.

"बसा ना, आजी," कुंदाताई म्हणाल्या.

"समद्यांचं व्हऊ द्या, माय. म्या मागून खाते."

कुंदाताई थबकल्या. मी सांगतो, मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शब्द शोधताना पाहिलं. मग उसळल्या. "मागून बिगून काय नाय! इथे सगळे एकत्र बसतात."

"बसत्यात की. बसू द्या. म्या मागून."

सगळे बसल्याशिवाय घास उचलायचा नाही हा कायदा. आमटी निवत होती. पंगतीतून हाका सुरू झाल्या, "अरे मौसी, बैठ जाओ ना, भूख लगी है!" शेवटी कुंदाताईंना हार खावी लागली. सगळ्यांचं झाल्यावर सखूबाईंनी ताट घेतलं, पुलाच्या खांबाकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ करून जेवल्या.

परतताना गाडीत कुंदाताई बोलल्या नाहीत. हा इतका मोठा बदल होता की मी सिग्नलला थांबायचं विसरलो. सोसायटीच्या गेटशी आल्यावर म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करून जेवली रे ती. पंगत कसली ही?"

तिथून पुढे आमचे रविवार म्हणजे सखूबाईंना बसवण्याची मोहीम झाली. घरून पाट नेला. पंगतीची पहिली जागा राखून ठेवली. पुरणपोळ्या केल्या, आणि तो गरमागरम डबा मला उचलायला लावला, त्याचा चटका अजून आठवतो. सखूबाईंनी पोळी कौतुकाने घेतली आणि खांबाकडे तोंड करून खाल्ली. त्यांची नाही म्हणायची पद्धत इतकी गोड होती की भांडायला जागाच नव्हती. अखेर एका रविवारी, उकाडा, धूळ, हातात जड बादली, कुंदाताईंचा तोल गेला.

"बसायचं नसेल तर येऊच नको!"

सखूबाईंनी ताट तसंच खाली ठेवलं, बोचकं उचललं आणि रस्ता ओलांडला.

पुढच्या रविवारी सखूबाई नव्हत्या. त्याच्या पुढच्याही. कुंदाताईंनी लिंबू कुठे ठेवलं हे बघणंच सोडून दिलं. मी मुद्दाम उजवीकडे ठेवून पाहिलं. काही नाही. रात्री वर्षा म्हणाली, "त्यांच्या घरात लाईट चालूच असतो रे." आणि मग एका संध्याकाळी, मी ऑफिसातून येऊन नुकते बूट काढतोय तोच, बेल.

"गाडी काढ. शोधू या तिला."

आम्ही चेक नाक्यापासून भांडुपपर्यंत फूटपाथ पालथे घातले. मी दर वळणावर सांगत होतो की हे वेडेपणाचं आहे, पेट्रोल जळतंय, पाय दुखतायत. कुंदाताई खिडकीतून डोकं बाहेर काढून बसल्या होत्या. भांडुपच्या भाजी मंडईजवळ, एका बंद दुकानाच्या पायरीवर सखूबाई दिसल्या. मला वाटलं, आता माफी मागतील. कुंदाताईंना माफी मागता येत नाही. त्यांनी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला, एका पुडीतून हळद लावलेल्या अक्षता काढल्या, आणि त्या पायरीपाशी उकिडव्या बसून सखूबाईंना कुंकू लावलं, हातात अक्षता दिल्या. लग्नाचं आमंत्रण करायला जातात तसं.

"रविवारी जेवायला यायचं," त्या म्हणाल्या. "आग्रहाचं आमंत्रण आहे. राग धरायचा नाय."

सखूबाईंनी हातातल्या अक्षतांकडे पाहिलं. "मला कोन बोलवतंय, माय," म्हणाल्या. पण अक्षता त्यांनी पदराच्या गाठीत बांधल्या.

रविवारी त्या आल्या. लुगडं धुतलेलं होतं. मला हायसं वाटलं, की चला, आता जेवण वेळेवर होईल. पंगत बसली, ताटं वाढून झाली, आणि सखूबाई जाऊन पुन्हा खांबाला टेकल्या!

कुंदाताईंनी हातातली बादली खाली ठेवली. "आमंत्रण दिलं ना मी?"

"दिलं की. म्हून तर आले." सखूबाई हसल्या. "पर माय, तुमी कवा जेवता? इतके दिस बगते, तुमी नुसत्या फिरत असता."

"मी मागनं बसते."

"म्या बी मागूनच. तुमी बसल्याव बसंन."

"तुम्ही पाहुण्या आहात. तुम्ही बसा."

"तुमी मोठ्या. तुमी बसा."

एक खांबाच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला. दोघींच्या कमरेवर हात. पंगतीतली माणसं भरल्या ताटापुढे हात जोडून बसली होती. भर उन्हाळ्याची दुपार, वर पुलावरून कंटेनर धडधडतायत, माझ्या हातात जड परात. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो, बसा दोघी!" मी ओरडलो. "एकदाच, दोघी एकत्र! मी वाढतो!"

असा मी त्यांच्यावर कधी ओरडलो नव्हतो. कुंदाताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढच्या रविवारची काळजी वाटली. पण सखूबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. पट्टीच्या टोकाला दोघी शेजारी बसल्या. कुंदाताईंना पायांचं काय करावं ते समजेना. मांडी घातली, मोडली, पुन्हा घातली. हात मांडीवर ठेवले, मग साडी सारखी केली. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेल्या मुलीसारख्या त्या बसल्या होत्या.

मी घाईघाईने ताटं मांडली. मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी. कुंदाताईंच्या ताटात लिंबू उजवीकडे गेलं. मला ते वाढल्यावर दिसलं. त्यांनाही दिसलं. त्यांनी लिंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. पंगतीने घास उचलला.

भाताची दुसरी फेरी घेऊन मी आलो. "कुंदाताई, भात?"

"नको," त्या हळूच म्हणाल्या.

मी पुढे सरकलो.

"अवं भाऊ," शेजारून सखूबाई म्हणाल्या, "पैलं नको धरत्यात व्हय?"

मी मागे फिरलो. कुंदाताईंनी मान खाली घातली होती. ताटावर आडवा हात नव्हता. मी परत विचारलं, "घ्या ना कुंदाताई, थोडा?"

त्यांनी नुसतं ताट माझ्या बाजूला थोडं सरकवलं. मी भात वाढला, वर आमटी घातली, आणि पंगतीतलं शेवटचं माणूस उठेपर्यंत तिथेच उभा राहिलो. त्या दिवशी शेवटी उठल्या त्या कुंदाताई.