मागनं येणारं चुंबक

"चुंबक जेवढ्या जोरानं ओढतं, तेवढ्याच जोरानं ढकलतं. ग्रॅमभर इकडंतिकडं न्हाई!" क्रांतीबाईंनी केंद्रप्रमुख वीरधवल साहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या शाळेनं साताऱ्याचं विज्ञान प्रदर्शन आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. आज हा प्रयोग साहेबांना पटला, की शाळेची निवड झालीच! बाईंना त्या निवडीची लय आस लागली होती.

वजनकाटा गावच्या दूध डेअरीतला. त्याच्यासोबत काटा चालवणारे कृष्णाततात्याही आले. "काटा तिथं मी," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसलेच.

बाईंनी काट्यावर लाकडी पाट ठेवला, पाटावर जुन्या स्पीकरचं जाडजूड चुंबक. तात्यांनी आकडा शून्यावर आणला. मग त्याच्या चार बोटं वर, दोन स्टुलांवर आडव्या टाकलेल्या लाकडी फळीला दुसरं चुंबक बांधलं. पहिल्यांदा ओढ! खालचं चुंबक वर खेचलं गेलं, तसं वजन उतरलं.

"उणे दोनशे ग्रॅम!" तात्यांनी आरोळी ठोकली.

बाईंनी वरचं चुंबक उलटं बांधलं. आता ढकल.

"चारशे!"

"दुप्पट?" साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"ढकलायला जोर जास्तीच लागणार की! आमचा दुधाचा टेम्पो एकदा ढकलून बघा," तात्या म्हणाले.

बाईंनी वरचं चुंबक सोडून घेतलं. परत शून्यापासून सुरुवात केली. या खेपेला आधी ढकल. दोनशे! मग ओढ. उणे चारशे!

"म्हंजे जे मागनं येतंय, ते दुप्पट?" साहेब खुर्ची सोडून चक्क फरशीवर मांडी घालून बसले. "पण बाई, आपला नंबर दुसरा हाय, हे चुंबकाला कळतं कसं?" त्यांनी भराभरा मोबाईल काढला, फोटो घेतले, काहीतरी टाईप केलं.

तिसऱ्या खेपेला बाईंनी आकड्याकडं बघितलंच नाही, तात्यांकडं बघितलं. "उणे दोनशे!" म्हणताक्षणी तात्यांच्या अंगठ्यानं बटण दाबलं.

"आवं तात्या, काय दाबलं?"

"शून्य! एकाचं दूध मोजलं की दुसऱ्याच्या आधी शून्य करायचंच. न्हाईतर पयल्याचं दूध दुसऱ्याच्या नावावर जातंय. बावीस वर्सं करतोय मी!"

"आवं, पण ही चुंबकं हायत, म्हशी न्हवं! उणे दोनशेलाच शून्य केलं, तर तिथनं वर दोनशेपर्यंत चारशे भरणारच की!"

बाईंनी तात्यांना स्वतःचेच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लावलं आणि चौथी खेप केली. उणे दोनशे. मग दोनशे! बाईंना असा आनंद झाला, की त्यांनी टाळीच वाजवली. "बघा साहेब, सारखं! आली का न्हाई शाळा निवडीत?"

साहेबांचं तोंड मात्र एवढंसं झालं. "निवड मघाशीच झाली, बाई. 'मागनं येणारं बल दुप्पट' असं मी साताऱ्याला कळवलं. वरनं उत्तर आलं, असलं कुणी बघितलंच न्हाई, शुक्रवारी या."

"मग आता खरं कळवा की!"

"कळवतो. पण हे तर पुस्तकातच हाय म्हणून नाव कापतील."

बाईंनी काट्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. तात्या अजून हातांवरच बसले होते. बाई हळूच त्यांच्याकडं वळल्या.

"तात्या, शुक्रवारी सवड हाय का?"