बिनलग्नाचा मांडव

आरोहीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये सगळं होतं, फक्त माणसं नव्हती. नकाशे होते, मॉडेल होतं, तिच्या शेलू गावातल्या आणि स्टेशनजवळ उठलेल्या नव्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या मुलाखती होत्या. गाव आणि बिल्डिंग यांच्यामध्ये एक भिंत, भिंतीला एक फाटक, आणि त्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींना तोंडओळखीपलीकडे न ओळखणाऱ्या बायका. त्यांना एकत्र टेकायला एक जागा हवी, असं आरोहीचं म्हणणं. आर्किटेक्चरच्या कॉलेजात ते सगळ्यांना पटलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक कोतवाल मॅडमनी मात्र कागद शांतपणे चाळले, चष्मा काढला आणि विचारलं, "छान आहे. पण इथे बसणार कोण?"

या एका प्रश्नाने आरोहीची झोप उडाली. कोतवाल मॅडमच्या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळे अख्खं वर्ष पुन्हा करणारी मुलं तिने पाहिली होती. म्हणून तिने ठरवलं की कागदावर वाद घालण्यापेक्षा सरळ बांधूनच दाखवायचं. फाटकासमोरची जागा बाबांचीच, घराच्या दारापुढची. बांबूचे खांब, वर झावळ्या, खाली बसायला चारी बाजूंनी बांबूचेच रुंद बाक. कोतवाल मॅडमही शेलूलाच येऊन बघायला तयार झाल्या आणि आरोहीच्या पायांना भिंगरी लागली.

बांबू बांधावा तर तो नागू मंडपवाल्यानेच. त्याने नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि "समजलं" म्हणाला. बांधलंही झकास. आरोही निर्धास्त होऊन आत उरलेली कामं उरकायला गेली. बाहेर येऊन बघते तर चारी बाजूंनी पिवळी झालर, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण आणि दोन बाजूंना केळीचे खांब.

"नागूकाका, हे काय?"

"मग काय, बोडका सोडू? लोक माझ्या नावानं बोटं मोडतील."

"अहो, पण लग्न नाहीये कुणाचं."

"आज नाय गं. मांडव पडलाय, म्हंजे व्हईल कधीतरी," असं म्हणून नागू टेंपोत बसला आणि नेरळच्या पुढच्या मांडवाला निघून गेला. शिडीही त्याच्याबरोबर गेली. झालर राहू दे, चांगली दिसते, अशी आरोहीने स्वतःची समजूत घातली आणि ती झोपायला गेली.

मे महिना, ऐन लग्नसराई. दारात मांडव आणि घरात उपवर मुलगी, शेलूला तेवढं पुरेसं होतं. मांडवाचा फोटो कुणीतरी कळंबला आत्यांना पाठवला. सकाळी चहा उकळतोय तोवर रिक्षातून चंद्राबाई आत्या उतरल्या, त्या फुगलेल्या तोंडानेच.

"छाया, भावाच्या पोरीची हळद, आनि आत्याला फोटोवरनं कळतंय. मी मेले काय गं?"

"अहो वन्सं, हळद नाही हो," आरोहीची आई काकुळतीला आली.

"मांडव हाय, केळी हाय, तोरण हाय, आनि हळद नाय."

"आत्या, हे माझं कॉलेजचं काम आहे," आरोही म्हणाली. "मुंबईहून माणसं यायचीत. त्यांनी एकदा पास केलं की सुटले मी."

आत्यांनी हे मनात घोळवलं आणि कपाळावर हात मारला. "म्हंजे पसंती अजून व्हायचीच हाय? आनि तुमी आधीच मांडव घातला? छाया, तुला काय अक्कल हाय का नाय?"

त्यानंतर आत्यांनी या घराची पायरी चढणार नाही असं जाहीर केलं आणि मांडवातल्या मधल्या बाकावर बैठक मारली. नणंद रुसून दारात बसलेली म्हटल्यावर तिची समजूत काढणं हे आळीचं कर्तव्यच. आधी कोंडी आजी आल्या, मग आवडी आली, मग ज्यांना नक्की काय झालंय ते कळलं नव्हतं त्याही आल्या. समजूत काढायची तर बसूनच काढावी लागते. बाक भरत चालले. एवढ्यात फाटक करकरलं आणि बिल्डिंगमधली रजिया डबा घेऊन आली.

"लग्नघरात रिकाम्या हातानं कसं यायचं? सांदणं केलीत. इतके दिवस शेजारी राहतो, पण बोलायचं निमित्तच नाही झालं कधी."

"रजियाताई, लग्न नाहीये," आरोही रडकुंडीला येऊन म्हणाली.

"अच्छा," रजिया म्हणाली. "पण सांदणं तर झालीत ना?" आणि ती कोंडी आजींशेजारी बसली. तिच्या मागून बिल्डिंगमधल्या आणखी बायका आल्या.

नेमकी त्याच वेळी कॉलेजची गाडी येऊन उभी राहिली. कोतवाल मॅडम उतरल्या, मागून आरोहीचे सर. मॅडमनी कुणाकडे न बघता एक खांब धरून गदागदा हलवला. मुलाची आई कडक दिसते, असं आवडीने शेजारणीला सांगितलं. आत्या रुसवा तात्पुरता बाजूला ठेवून उठल्या.

"हे सगळं तुझं तू केलंस?" मॅडमनी आरोहीला विचारलं.

"सगळं करते," आत्या म्हणाल्या. "तांदळाची भाकरी पन येते."

मॅडमनी वर झावळ्यांकडे पाहिलं. "आणि पावसाळ्यात काय?"

"पावसाळ्यात येईल की माहेरी चार दिस. तुमची हरकत नाय ना?"

आईने नुकतंच दिलेलं पन्हं सरांच्या हातात हिंदकळलं. "तुमी मुलाचे मामा काय?" आत्यांनी त्यांना विचारलं. सरांनी घाईने ग्लास तोंडाला लावला.

मॅडमनी सगळीकडे नजर फिरवली. एक बाक रिकामा नव्हता. "इतक्या बायका इथे रोज येतात?"

नुसतं हो म्हणायचं होतं. वर्ष वाचत होतं. पण खोटं काही आरोहीच्या तोंडातून बाहेर पडेना. "नाही मॅडम. यांना वाटतंय माझं लग्न आहे. सगळ्या चुकून आल्यात."

सरांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी चष्मा काढला आणि त्या बायकांकडे वळल्या. "ऐकलंत ना? लग्न नाही, हळद नाही, जेवणावळही नाही. मी परीक्षक आहे, मुलाची आई नव्हे. मला मुलगाच नाही."

"मग एवढी चवकशी कशाला केलीत?" आत्यांनी विचारलं.

"तर आता ज्यांना घरी जायचंय," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी जावं."

कुणी हललं नाही.

"बाहेर ऊन हाय," कोंडी आजी म्हणाल्या.

"माझं बोलणं अर्धं राहिलंय," रजिया म्हणाली.

"आनि मी रुसलेय," आत्या पुन्हा बसत म्हणाल्या. "माझी समजूत कुठं काढली अजून कुनी?"

मॅडम जराशा हसल्यासारख्या वाटल्या. कोंडी आजी सरकल्या, तेवढ्या जागेत त्या अंग चोरून बसल्या, रजियाने पुढे केलेलं सांदण खाल्लं आणि मग म्हणाल्या, "मागचा प्रश्न मी परत घेते. पास आहेस तू. पण ती झालर काढ, फार भडक आहे."

आरोहीला आनंदाने काय करावं ते सुचेना. तिने आईला मिठी मारली, सरांना दुसऱ्यांदा पन्हं दिलं, आत्यांच्या पाया पडली. गाडी गेली आणि इतक्या दिवसांचा थकवा एकदम तिच्या पायांत उतरला. आपण बांधलेल्या जागेत आता निवांत टेकावं म्हणून ती मांडवात आली. या बाकापासून त्या बाकापर्यंत बघून झालं, तरी ती उभीच.

"आत जाऊन बस की गं," आत्या सांदण मोडत म्हणाल्या. "इथं जागा नाय."